भरमाअण्णाचा आंबा आणि सैल तार

भरमाअण्णाला आपल्या जुन्या गावच्या लोणच्याच्या आंब्याच्या काड्या हव्या होत्या, एवढ्यासाठी ही स्वारी निघाली होती. धरणात गाव बुडालं, लोक अळणावरजवळ वसले. टेकडीचं बेट झालं आणि त्यावर तो एकच आंबा उरला. गेल्या वर्षी त्याच्यावर वीज पडली. यंदा कलमाला काड्या मिळाल्या नाहीत, तर ती जात संपलीच!

होडी गौतमीची. हुबळीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईने ती नवनगरच्या शेडमध्ये स्वतः बांधली होती. मदतीला धाकटा भाऊ प्रशिक. त्याचा धंदा मांडवाचा; दोर सैल दिसला की गड्याचे हात शिवशिवायचे.

उजवीकडून वारा आला, शीड फुगलं, होडी डावीकडे कलली. भरमाअण्णाने काठ घट्ट धरला.

"कलू दे अण्णा, तळात वाळूची पोती हायत. तीच तिला सावरतात," सुकाणूवरून गौतमी म्हणाली.

प्रशिकची नजर मात्र डोलकाठीवर. तिला दोन्ही बाजूंनी तारांनी बांधलं होतं. उजवी ताठ, डावी लोंबकळणारी. हे काय काम झालं? त्याने गुपचूप डावीचा स्क्रू पिळला आणि पिळतच राहिला. मांडवात हे खपतं. तिथे खांब जमिनीत पुरलेला असतो.

बेटाकडे जायला गौतमीने होडी वळवली. वारा डावीकडे आला. आधीच ताणलेल्या तारेवर शिडाचा सगळा ओढा पडला. कडाड्! तार अडकवलेली लोखंडी पट्टी फळीतून उखडली! डोलकाठी वाकली!

"खाली वाका!" गौतमीने सुकाणू लोटलं. होडी गर्रकन फिरली. वारा पुन्हा उजवीकडे! शाबूत तारेने भार झेलला. काठी थरथरली, पण उभी राहिली.

पण होडी आता बेटापासून दूर चालली होती.

"अक्का, मीच पिळली गं ती. सैल दिसली," प्रशिक रडवेला झाला.

"वाऱ्याच्या पलीकडची तार सैलच पडते रे! रडायचं नंतर. शीड अर्धं उतर, दोर बांध."

प्रशिकने काठीच्या टोकाचा जादा दोर डाव्या बाजूला बाकाशी मांडवाच्या गाठीने आवळला. हात अजून एक पीळ द्यायला धावले; त्याने ते आवरले. होडी पुन्हा वळली. दोर करकरला. तिघंही डाव्या काठावर सरकून बसली. दोर टिकला!

बेटावर पोचले तर झाड अर्धं कोळसा झालं होतं. उरलेल्या फांदीवर मात्र कोंबांचे डोळे टपोरे फुगले होते. भरमाअण्णाने काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एक प्रशिकपुढे धरली.

"हिचं कलम तुझ्या दारात लाव."

"माझं गाव न्हवं हे, अण्णा."

"काड्या न्यायला आलास न्हवं? मग झालं की तुझं!"