ताजीपेक्षा ताजी हवा

पुष्कर जागा का राहत नाही, हे कोडं वल्लरीला काही केल्या सुटत नव्हतं.

पुष्कर तिचा तीन वर्षांचा भाऊ. या वयाची मुलं घर डोक्यावर घेतात असं तिनं ऐकलं होतं. हा मात्र भिंतीला टेकून बसे आणि बसल्या बसल्या पेंगू लागे. हातात खेळणं दिलं तर धरी, काढून घेतलं तर रडतही नसे. "किती गुणी पोर!" असं सगळी वस्ती म्हणे. वल्लरीला ते ऐकून वाईट वाटायचं. का वाटतं, ते तिला सांगता येत नसे.

त्यांची वस्ती चंद्राच्या पोटात, एका लांबलचक गुहेत होती. तिथं सोळाव्या वर्षी प्रत्येकाची 'सांगता' होई. शाल पांघरायची, पेढे वाटायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "झालं माझं शिकून." त्यानंतर कुणाला काही विचारणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. मोठी माणसं काम करत, जेवत आणि दुपारभर झोपत. संध्याकाळीही कुणाच्या अंगात फारसा उत्साह नसे. सगळं कसं शांत होतं, आणि या शांततेचा वस्तीला अभिमान होता.

गुहेच्या मधोमध हवेचा भलामोठा फलक होता. त्यावर 'हवा ताजी' ही हिरवी अक्षरं कायम झळकत. फलकाची जबाबदारी हवाघराच्या प्रमुखांची, म्हणजे वल्लरीच्या बाबांची, भास्कररावांची.

अशा वस्तीत पृथ्वीवरून मालवाहू यानातून हौसाबाई ढवळे आल्या. चंद्रावरच्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या त्या मोठ्या शास्त्रज्ञ. केस पांढरेशुभ्र झालेले, तरी बाई नुकतीच बासरी शिकू लागली होती आणि अतिशय वाईट वाजवत होती. लोक तोंडावर हात धरून हसले. "या वयात? हिला काही येतच नाही की काय?"

त्यांचा मुक्काम वल्लरीकडे होता. पहिल्याच दिवशी त्या डोकं धरून बसल्या.

"भास्करराव, हवा कोंदलीय हो इथली."

"फलक हिरवा आहे ना!" बाबा म्हणाले. "नव्या माणसाला होतो त्रास. सवय होईल."

"शोषक नळ्या (आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वायू टिपून घेणाऱ्या नळ्या) कधी बदलल्या होत्या?"

"फलक लाल झाला की बदलायच्या, असं शिकलोय मी. तो लाल झालाच नाही."

"कधीच नाही? आणि तुम्हाला त्याचं नवल नाही वाटलं?"

बाबांना हा प्रश्न आवडला नाही. ते जांभई देत उठून गेले.

पुढे एका सकाळी पुष्कर हलवूनही उठेना. वल्लरीनं हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. त्यानं नुसती मान टाकली. बाबा हवाघरात होते. हौसाबाईंनी पोराला खांद्यावर घेतलं आणि त्या तडक निघाल्या.

"कुठं नेताय त्याला?"

"यानात. ते वस्तीच्या दाराला जोडलेलंच आहे, आणि तिथं अजून पृथ्वीवरची हवा आहे. तू बाबांना बोलाव."

वल्लरी धावत हवाघरात गेली. बाबांना सांगून निघताना तिची नजर खुंटीवरच्या हातमीटरवर पडली. फलकासारखंच, पण हातात मावणारं आणि हवा किती खराब ते आकड्यात सांगणारं हे यंत्र. यानातली हवा किती ताजी असेल? तिनं ते उचललं.

यानात पुष्करला आडवं केलं होतं. बऱ्याच वेळानं त्याच्या पापण्या हलल्या, मग तो कुशीवर वळला. बाबा धापा टाकत दारात उभे होते. तेवढ्यात वल्लरी म्हणाली, "आजी, हे बिघडलंय का? ताज्या हवेला शून्य दाखवायला हवं ना? हे तर शून्याच्याही खाली गेलंय!"

बाबांनी मीटर हिसकावून घेतलं. झटकून पाहिलं, दाराबाहेर नेऊन पाहिलं. वस्तीत शून्य आणि यानात उणे.

"ताजीपेक्षा ताजी हवा," वल्लरी म्हणाली. "अशी असते?"

"नसते," हौसाबाई म्हणाल्या. "म्हणजे शून्यच चुकीच्या जागी बसलंय. बघ हं. अशी यंत्रं कालांतरानं थोडी भरकटतात. म्हणून त्यांना एक युक्ती शिकवलेली असते, स्वयंशून्यन (आपलं शून्य आपणच ठरवणं). आठवड्याभरात जी हवा सगळ्यांत चांगली मिळाली, तिलाच ताजी समजायचं आणि तिथं शून्य मांडायचं. पृथ्वीवर हे चालतं. का?"

वल्लरीनं विचार केला. "तिथं खिडक्या असतात. कधीतरी बाहेरची हवा आत येते."

"शाबास! आणि इथं?"

"इथं खिडकीच नाही. हवा थोडी खराब झाली की मीटर म्हणणार, हीच ताजी. मग आणखी खराब झाली, तरी पुन्हा हीच ताजी." ती थबकली. "आजी, म्हणजे मीटरची पण सांगता झाली!"

हौसाबाई हसल्या नाहीत. "या वायूनं आधी डोकं जड होतं, मग झोप येते, मग काही विचारावंसंच वाटत नाही. विचारलं नाही तर हवा सुधारत नाही. असं ते चक्र आहे, बाळ."

बाबांनी पुष्करच्या कपाळावरून हात फिरवला. "आणि आम्ही याला गुणी म्हणत होतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

बाहेर गर्दी जमली होती. बाबांनी सांगितलं, फलक खोटा आहे, नळ्या आत्ताच बदलायला हव्यात आणि त्याला सगळ्यांचे हात लागतील. लोकांची कुजबुज सुरू झाली. चांगला हिरवा फलक आहे, कशाला उगाच हात लावायचा? पाहुण्या बाईनं याचं डोकं फिरवलंय. काही जण तर ऐकता ऐकताच झोपायला घरी निघाले. "कसा खोटा? समजावून सांग बघू," कुणीतरी आव्हान दिलं.

बाबांनी तोंड उघडलं, पण गाडी शून्यापाशीच अडली. लोक वाट पाहत होते. मग बाबा सगळ्यांसमोर अकरा वर्षांच्या लेकीकडे वळले.

"वल्लरी, ते शून्याचं मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगतेस?"

मग मागून कुणीतरी खो खो हसलं. "भास्करची सांगता कच्ची राहिली रे!"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी मान मात्र खाली घातली नाही.

"हो, कच्चीच राहिली," ते म्हणाले. "आणि आता मी ती पक्की होऊ देणार नाही. सांग, बाळ."

बरेच लोक निघून गेले. पण पोर कडेवर घेतलेल्या दोन बाया थांबल्या, आणि मग एक म्हातारा. बाबांनी जमिनीवरच बसकण मारली आणि वल्लरी पहिल्यापासून सांगू लागली.