घामातलं मीठ

चंद्रावरची पहिली शंभर किलोमीटरची दौड हेमांगी तांडेल एकटीने धावत होती. बहात्तरावा किलोमीटर पार झाल्यावर ती रेडिओवर हसायला लागली.

"माई, दार उघड ना," ती म्हणाली. समोर तर नुसती राखाडी धूळ पसरली होती.

"पाणी कमी पडलंय," नियंत्रण कक्षात शशांक ढमाले म्हणाले. तिचा अंतराळपोशाख त्यांनीच बनवला होता. "हेमांगीताई, पाणी प्या."

"थांबा, नको." डॉ. विदुला गोगट्यांनी पडद्यावर रक्तातल्या सोडियमचा आकडा काढला. एकशे बावीस. निघताना एकशे चाळीस होता. "तुमचा पोशाख घामाचं काय करतो?"

"पोशाखातली गाळणी तो गाळते. शुद्ध पाणी परत तिच्या तोंडाच्या नळीत. थेंबही वाया जात नाही."

"आणि मीठ?"

"गाळणीत अडकतं."

"म्हणजे सात तास ती मीठ देतेय आणि नुसतं पाणी परत घेतेय. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदू फुगतो, आणि कवटीत त्याला जागा नसते. मदतीची गाडी तिच्यापर्यंत कधी पोचेल?"

"दोन तासांनी."

"तिच्याकडे एकही नाही."

ढमाल्यांची बोटं कळफलकावर थांबली. "गाळणी उलट्या प्रवाहाने धुता येते. ते धुवण मी तिच्या नळीत वळवू शकतो. निघेल अर्धा कप. भयंकर खारट."

"वळवा."

हेमांगीने जिभेने नळी बाजूला ढकलली.

"हेमांगी, खाली बस. आता गीळ," विदुला म्हणाल्या. "सगळं."

तिने गिळलं. आकडा बराच वेळ हलला नाही. मग एकशे तेवीस. एकशे पंचवीस.

"विदुलाताई," रेडिओवर आवाज आला, "डोकं फार दुखतंय हो."

नाव बरोबर घेतलेलं ऐकून विदुला खुर्चीत मागे टेकल्या.

तळावर परतल्यावर हेमांगीने विचारलं, "एवढं मीठ कुठून पाठवलंत?"

"पाठवणार कुठून? तुमचंच होतं," ढमाले म्हणाले. "गाडी येईपर्यंत, बसून असतानाही तुम्हाला घाम येत होता. मीठ परत गाळणीत यायचं, आम्ही परत द्यायचो. एकच मीठ तुम्ही चार वेळा प्यायलात."

त्यांनी गाळणी उघडून पुढे धरली. जाळीवर पांढरी, चमकती साय धरली होती. हेमांगी तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्यातला एक कण बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला.