चौदाव्या मजल्याची लिफ्ट

आमच्या बत्तीस मजली इमारतीत एक कोडं होतं. हवा सगळीकडे तीच, पाणी तेच, तरी चौदाव्या मजल्यावरची माणसं बाकीच्यांपेक्षा छान झोपायची आणि कमी आजारी पडायची. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

मला हे नाडीकडून कळलं. नाडी म्हणजे इमारतीची तब्येत सांभाळणारी यंत्रमानव, माझ्या गुडघ्याएवढी, चाकांवर चालणारी. रोज सकाळी आठला ती घरोघरी जाऊन मनगटावरच्या पट्टीतून प्रत्येकाचा स्वास्थ्यांक (झोप, नाडीचे ठोके, ताण आणि चालणं यांवरून काढलेला एक आकडा) वाचून घ्यायची. दिवसभरात आमच्या दारी येणारं तेवढं एकच कोणीतरी होतं. म्हणून मी तिला उगाच काहीबाही विचारून थांबवून धरायचे.

"सरासरी कुठल्या मजल्याची जास्त?" मी एकदा असंच विचारलं.

"चौदा. चौऱ्याहत्तर. बाकी सगळे साठच्या आसपास," नाडी म्हणाली आणि निघून गेली.

आई-बाबा वर्षभरासाठी समुद्रातल्या पवनवीज केंद्रावर गेले होते, म्हणून मी सोलापूरला आजोबांकडे, सत्ताविसाव्या मजल्यावर राहायला आले होते. शाळेत मी नवी होते, आणि नव्या मुलीला डबा खायला कोणी लगेच बोलावत नाही. घरी आल्यावर आजोबा आणि मी समोरासमोर बसून गप्प जेवायचो. खरं सांगते, मला फार एकटं वाटायचं. आजोबांना तर माझ्याहून जास्त वाटत असावं, कारण त्यांचा आकडा दर महिन्याला उतरत होता. आता तो चव्वेचाळीसवर आला होता. चाळीसच्या खाली गेला, की नियमाप्रमाणे त्यांची रवानगी पुण्याच्या शुश्रूषा केंद्रात आणि माझी वसतिगृहात.

आजोबा, म्हणजे वास्तुशिल्पी दिगंबर सबनीस. ही इमारत त्यांनीच आखली होती. तिच्या लिफ्टसाठी मिळालेलं पदक आमच्या भिंतीवर होतं. घरातूनच बटण दाबायचं, आठ सेकंदांत रिकामी लिफ्ट हजर. ना वाट पाहणं, ना गर्दी. आजोबांना त्या आठ सेकंदांचा भारी अभिमान!

चौदाव्याचं ऐकून ते आधी म्हणाले, "योगायोग असेल." पण रिकामा बसलेला वास्तुशिल्पी कोड्याला किती वेळ नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी नाडीकडून माहिती मागवली. चौदाव्यावर तरुण जास्त आहेत का? नाही, उलट म्हातारे जास्त. पाणी वेगळं? नाही.

"चला, जाऊन बघू," मी म्हणाले.

चौदाव्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मला वाटलं, आपण दुसऱ्याच इमारतीत आलो. लिफ्टसमोर सहा खुर्च्या होत्या, कुठल्याच दोन एकसारख्या नाहीत. आमच्या मजल्यावर खिडकीला बंद फळी होती, इथे ती काढून ठेवली होती आणि संध्याकाळचा वारा सरळ आत येत होता. एक आजोबा पेपर वाचत होते. दोन मुलं फरशीवर बसून गणितं सोडवत होती.

"बसा की सर! लिफ्टला अजून लई टाइम हाय," एक काकू म्हणाल्या. त्यांचं आडनाव चिलका. "आठ महिने झाले आमच्या मजल्याची घरातली बटणं बिघडून. बाहेरचं दाबलं, तर पाच-पाच मिनिटं लिफ्ट येत न्हाई. उभं राहून पाय दुखले, म्हणून खुर्च्या आणल्या. गुदमरायला लागलं, म्हणून फळी काढली. शेंगापोळी खाणार का, बाळ?"

मी दोन खाल्ल्या. तेवढ्यात लिफ्ट आली, पण कोणी उठलंच नाही. पेपरवाल्या आजोबांची बातमी वाचून व्हायची होती!

"सोमवारी दुरुस्तीला माणूस येणार हाय," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद मुळीच नव्हता.

घरी आल्यावर आजोबा पदकासमोर जाऊन उभे राहिले.

"केतकी, माणसं भेटायची ती वाट बघताना. मी वाट बघणंच काढून टाकलं गं."

मग त्यांनी मला समजावलं. एकटेपणा म्हणजे नुसती मनाची कुरकुर नसते. आसपास आपलं कोणी नाही असं वाटलं, की शरीर सतत पहाऱ्यावर राहतं. कॉर्टिसॉल (ताण आला की रक्तात वाढणारं रसायन) बराच काळ चढंच राहू शकतं, झोप उथळ होते. ओळखीचा चेहरा दिसला, दोन शब्द बोलणं झालं, की शरीर पहारा सैल सोडतं. घर बांधताना आपण हवा मोजतो, पाणी मोजतो, पण कोण कोणाला कुठे भेटेल हे कागदावर आखतच नाही.

"मग सगळ्या लिफ्ट बिघडवून टाकू!" मी म्हणाले.

"थांब. हे अजून गृहीतक आहे (तपासून बघायचा अंदाज). पुरावा नाही."

आजोबांनी सोसायटीच्या समितीकडून प्रयोगासाठी दोन महिने मागून घेतले. चौदाव्याची दुरुस्ती थांबली. बारा मजल्यांच्या चिठ्ठ्या एका पातेल्यात टाकल्या. पहिल्या चार चिठ्ठ्यांच्या मजल्यांवर घरातली बटणं बंद आणि लिफ्ट उशिरा येणार, एवढंच. पुढच्या चारांवर हेच, शिवाय बाक आणि उघडी खिडकी. शेवटचे चार नियंत्रण गट (काहीही न बदलता तुलनेसाठी ठेवलेला गट). चिठ्ठ्या मीच काढल्या. शेवटची चिठ्ठी उघडली आणि माझा चेहरा पडला. त्यावर सत्तावीस लिहिलं होतं.

"आपण? काहीच नाही? आजोबा, परत टाका ना ती!"

"हवी ती चिठ्ठी येईपर्यंत काढत बसलो, तर तो प्रयोग कसला?"

"मग रोज चौदाव्यावर जाऊन बसू."

"तसं केलं तर तुलना बिघडेल. दोनच महिने, केतकी."

तुम्हाला म्हणून सांगते, मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही. मग लक्षात आलं, घरात बोलायला दुसरं कोणी नाहीच.

ते दोन महिने संपता संपेनात. आजोबांचा आकडा त्रेचाळीसवर आला, मग बेचाळीसवर. नाडी सकाळी यायची, आकडा सांगायची, जायची. मी पट्टीकडे बघायचंच सोडून दिलं. शेवटच्या आठवड्यात आकडा एक्केचाळीस होता.

निकालाच्या दिवशी नाडीने आलेख दाखवला. नुसती उशिरा येणारी लिफ्ट मिळालेल्या मजल्यांचा आकडा चक्क दोनने घसरला होता, आणि तक्रारी आल्या होत्या एकशे अकरा!

"बघ, नुसतं थांबवून काही होत नाही," आजोबा म्हणाले. "कोंदट जागेत, भिंतीकडे तोंड करून थांबलं तर माणूस फक्त चिडतो. थांबायला उजेड, वारा आणि टेकायला जागा लागते."

बाक आणि खिडकीवाल्या मजल्यांचा आकडा नऊने वाढला होता. तिथे आरपार वारा खेळू लागल्याने व्हरांड्याची वातानुकूलन यंत्रं बंद झाली आणि वीजही वाचली होती. नियंत्रण गट होता तिथेच होता. आता आजोबांचा अंदाज पुराव्यावर उभा होता.

समितीने ठरवलं, लिफ्ट मुद्दाम उशिरा आणायची नाही, कारण आजारी माणसाला ती लगेच लागते. मात्र एरवी ती रिकामी धावणार नाही, चार-पाच जणांना एकत्र नेईल. आणि प्रत्येक मजल्यावर खिडकी उघडी, खिडकीशी बाक.

आमच्या मजल्यावर बाक आला त्या संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन बसलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. आजोबा पाय हलवत बसले होते आणि मला रडू येत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी समोरचं दार किलकिलं झालं. आमच्यापासून दहा पावलांवरचं ते दार मी कधीच उघडलेलं पाहिलं नव्हतं. एक वाकलेल्या आजी काठी टेकत बाहेर आल्या.

"तो यंत्रमानव सोडला, तर वर्षभरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथं बसलं तर चालेल का हो?"

आजोबा सरकले. मीही सरकले. आजी काठी बाजूला ठेवून मधे बसल्या. तेव्हा मी म्हणाले, "मी केतकी. तुम्हाला गणित येतं का?"

"शिकवायचे की! छत्तीस वर्षं."

हल्ली आजोबा एका नव्या इमारतीचा आराखडा काढत आहेत. कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी त्यांनी खिडकी काढली, तिच्याशी बाक काढला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता घरं कुठे ठेवायची ते सांग," म्हणाले. नाडी दारात उभी होती. आजोबांचा आकडा सांगून झाला होता, त्रेपन्न. पण ती लगेच गेली नाही, कारण आमच्याकडे येऊन बसलेल्या समोरच्या आजी तिला आपला कालचा आकडा उगाच परत विचारत होत्या. मी मात्र घरं कुठे ठेवायची याचा अजून विचार करत होते.