परांचीखालून आलेलं उत्तर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही.

हे माझ्या काकांच्या बाबतीत घडलं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सुतार माणूस. भूतबित म्हटलं की खेकसायचे, "कामधंदा नाही का रे तुम्हाला?"

आणि रात्रही नव्हती. भर दुपार होती. स्वतःच्या राहत्या घरात.

जिन्याच्या वरची उंच भिंत रंगवायची होती. त्यांची लेक, म्हणजे आमची ताई, घरं रंगवायची कामं घेते. "जगाच्या भिंती चकाचक आणि आपल्या घरी जाळी! लोक काय म्हणतील?" असं तिने डोकं खाल्लं, म्हणून काकांनी लाकडाची परांची बांधायला घेतली. दोन आखूड खांब पायऱ्यांवर, दोन लांब खांब खाली फरशीवर, तिरक्या पट्ट्या, वर तीन जाड फळ्या. उद्या त्यावर ताई चढणार होती. एकुलती एक लेक. काकांनी एकेक बोल्ट जीव लावून आवळला.

आता तपासणी राहिली होती.

काकांची परांची तपासायची एक रीत होती. एकाने वर चढून फळीवर पाय आपटायचे आणि ओरडायचं, "बोल!" दुसऱ्याने खाली खांबाला कान लावायचा. लाकूड करकरलं तर म्हणायचं, "बोलतंय." नाही करकरलं तर, "गप्प."

हा खालचा माणूस म्हणजे आमचा बारक्यामामा. मावशीचा भाऊ. नावालाच बारक्या, दारातून तिरका होऊन आत यायचा! उत्तर द्यायच्या आधी जोरात नाक ओढायची त्याची सवय. जन्मभर दोघांनी मिळून कामं केली.

मागच्या वर्षी मामा दुसऱ्याच कुणाच्या परांचीवरून पडला आणि गेला. तेव्हा खाली ऐकायला कुणीच नव्हतं.

त्या दुपारी मावशी आमच्याकडे आली होती. ताई कामावर. दाराला आतून कडी. काका एकटेच वर चढले. पहिल्या फळीवर पाय आपटले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"बोल!"

मग स्वतःलाच हसले. कोण बोलणार आता?

खाली कुणीतरी नाक ओढलं...

"गप्प."

मामाचा आवाज.

 काकांनी वाकून बघितलं. खाली फरशी, लाकडाचा भुसा आणि त्यांच्याच चपला. बाकी कुणी नाही.

कसेबसे खाली उतरले. दाराची कडी तशीच होती. घर धुंडाळलं. पाणी प्यायले. मनाला समजावलं, आठवण आली असेल, कान वाजले असतील. पण पुन्हा वर चढून "बोल" म्हणायची काही हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ताई आली. काकांनी तिला यातलं काहीच सांगितलं नाही.

"खांबाला कान लाव गं जरा. मी वर चढतो."

"अहो बाबा, हत्ती नाचला तरी हलणार नाही ही! पण लावते."

ती खाली आहे म्हटल्यावर काकांना धीर आला. तिन्ही फळ्यांवर दणादण पाय आपटले.

"बोल!"

"गप्प!" ताईचा आवाज आला. खणखणीत.

काकांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास! ये आता वर, तूच बघ."

उत्तर नाही.

"अगं ये ना!"

काहीच नाही...

आणि मग बाहेरचं दार उघडलं. रंगाचे डबे सावरत ताई आत आली.

"सांगून गेले होते ना बाबा, गाडीतून डबे आणते म्हणून? ऐकलंत कुठे तुम्ही! आता लावते कान."

काकांनी फळीची कड घट्ट धरली. कारण आत्ता त्यांना आठवलं. त्या "गप्प"च्या आधी कुणीतरी नाक ओढलं होतं.

रात्रीपर्यंत काकांनी ती परांची सोडवून टाकली. तिला ना चीर, ना कीड, ना एक बोल्ट ढिला. ती भिंत आजही रंगवायची राहिली आहे. "मेलेल्याचा आवाज आला, ते एक वेळ समजून घेईन," काका मला म्हणाले, "पण जिवंत पोरीचा आवाज तिच्याशिवाय कसा आला रे?"

तेव्हापासून ताईचं काम जिथे असेल तिथे काका जातात. गुडघे दुखतात, तरी खाली उभे राहून खांबाला कान लावतात. "बाबा, लहान आहे का मी?" म्हणून ती चिडायची.

आता चिडत नाही.

गेल्या महिन्यात एका नव्या इमारतीत ती वर चढली. पाय आपटले. "बोल!" म्हणाली. काकांना खांबात बारीकशी करकर ऐकू आली. ते ओरडणार, तेवढ्यात ताई वरून म्हणाली,

"ठीक आहे बाबा, गप्प ना? पुढे जाते मी."

काकांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"बोलतंय! बोलतंय! उतर!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. ती उतरली. पाय जमिनीला लागला आणि वरची फळी मधोमध मोडली.

"पण तुम्हीच म्हणालात ना," ताई म्हणाली. "तुमचाच आवाज होता... तुम्हाला सर्दी झालीय का बाबा?"

हल्ली काका तिला तोंडाने उत्तर देत नाहीत. खांबापासून दूर होऊन, तिला दिसेल असा हात वर करतात. हात दिसल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही.

परवा आमच्याकडे जेवताना ताईने मध्येच घास खाली ठेवला.

"बाबा... एखाद्या दिवशी हातही तसाच दिसला तर?"

काका ताटातल्या आपल्या हाताकडे बघत बसले.