ऋचाआत्याला न दिसलेला उंट

उंट रस्त्याच्या मधोमध उभा होता. चांगला ताडमाड, त्यात लाल स्वेटर घातलेला. तरी ऋचाआत्याने सरळ त्याच्यावर गाडी घातली आणि फोनवर म्हणाली, "पुरणात जायफळ हवं की वेलची, ते आत्ताच सांगा."

उंट खरा नव्हता, हे त्याचं नशीब. आजोबांच्या प्रयोगशाळेतल्या आभासी गाडीच्या (खरी गाडी चालवल्याचा भास देणारं यंत्र) पडद्यावर तो होता. आजोबा मेंदूचे शास्त्रज्ञ. "कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही असं काहीतरी रस्त्यात उभं करू," असं ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या नातीने, रेवाने, तो उंट चितारून दिला. स्वेटरची कल्पनाही तिचीच.

त्या काळी सपाट रस्त्यावर गाड्या आपल्या आपण चालत. घाटात मात्र स्टिअरिंग माणसानेच धरायचं. दुसऱ्या दिवशी आत्या रेवाला घेऊन, एका लग्नाचा स्वयंपाक पोचवायला घाटातून जाणार होती. आणि आत्याचा फोन घाटातही थांबत नसे. "हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, फोन कानात. बिघडलं कुठे?" असं तिचं म्हणणं.

"उंट कसा वाटला?" आजोबांनी विचारलं.

"कसला उंट?"

रेवा हसून हसून खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. आजोबांनी चित्रण पुन्हा दाखवलं.

"हा तुम्ही मागाहून घुसडलात, बाबा."

मग आजोबांनी नजरटिप्याची (नजर कुठे कुठे गेली ते टिपणारा कॅमेरा) नोंद लावली. आत्याच्या नजरेचा हिरवा ठिपका नेमका उंटाच्या नाकावर जाऊन टेकला होता.

"म्हणजे मी पाहिला?"

"डोळ्यांनी पाहिलास, मेंदूने दखल घेतली नाही. डोळे ढीगभर चित्रं आत पाठवतात. त्यातलं आपल्याला काय कळावं, ते अवधान (मन एका गोष्टीवर एकवटण्याची शक्ती) ठरवतं. आणि ते असतं थोडं. तुझ्या स्वयंपाकघरात एकाच बाईला तव्यापाशीही ठेवलं आणि गिऱ्हाइकांशी बोलायलाही, तर?"

"पोळी करपेल," आत्या नाइलाजाने म्हणाली.

"साठच्या वेगातली गाडी सेकंदाला सोळा मीटरहून जास्त पुढे जाते. तेवढ्यात नुसती पोळी करपत नाही."

रेवाला शंका आली. "मग आत्या गाडीत माझ्याशी बोलते, त्याचं काय?"

"समोरून ट्रक आला की तू काय करतेस?"

"गप्प बसते."

"फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही. तो आपला जायफळातच असतो."

आत्याने पडद्यावरच्या उंटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "आणि रेवा माझ्या शेजारी बसलेली असते," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाट सुरू होताच तिने फोन बंद करून मागच्या डब्यांमध्ये ठेवून दिला. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता अडवून उभा होता. आत्याने ब्रेक दाबला. गाडी वेळेत थांबली. एक दाढीवाला बोकड खिडकीपाशी आला, दोघींना नीट न्याहाळून सावकाश निघून गेला.

"आत्या, मोठी झाले की मी एक फोन बनवणार," रेवा म्हणाली. "त्याला रस्ता दिसेल. वळण आलं की तो आपणहून गप्प बसेल."

"बनव बाई," आत्या पुढच्या वळणावरची नजर न हलवता म्हणाली. "तोवर मीच गप्प बसते."