बंद केलेलं लॉगिन

फोन बाजूला ठेवा पोरांनो, मग सांगतो. ऐकीव नाही हो, माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली गोष्ट आहे. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. भुतंखेतं त्याच्या गावीही नव्हती.

गेल्या डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार. रात्री पावणेनऊला एका तपासणी लॅबच्या मॅनेजरचा फोन आला. रिपोर्टांचा सामाईक फोल्डर संध्याकाळपासून कुणाच्याच कॉम्प्युटरवर उघडेना. सकाळी सातला एका लहान मुलीचं ऑपरेशन, आणि तिचा रिपोर्ट नेमका त्यातच अडकलेला. साडूने चार घास घाईघाईने गिळले आणि बॅग उचलली.

लॅबमध्ये पोचल्यावर त्याने आधी वरचा कॉम्प्युटर पाहिला. वायर ठीक. सर्व्हर चालू. फोल्डर दिसत होता, पण उघडायला गेलं की एकच उत्तर : परवानगी नाही.

"सर्व्हर कुठंय तुमचा?"

"तळघरात. रेकॉर्डवाले काका बसायचे तिथं," मॅनेजर म्हणाला. "मागच्या महिन्यात गेले. खुर्चीतच. एकटा जीव, कोण शोधणार? शुक्रवारी गेले, आम्हाला कळलं सोमवारी. तेही वास आला म्हणून." आणि चक्क हसला. "मी आधी त्यांचं लॉगिन बंद केलं, मग त्यांच्या बहिणीला फोन. खुर्ची तेवढी धुऊन घेतली. नवीकोरी होती, टाकवेना."

साडूला किळस आली. वासाच्या गोष्टीने नव्हे, त्या हसण्याने.

तो एकटाच खाली उतरला. दार ढकललं आणि भपकारा आला. वरवर फिनेल, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, कुजकट. त्याने नाकाला रुमाल बांधला. खुर्चीकडे पाहवेना, म्हणून उभ्यानेच काम सुरू केलं. कीबोर्ड मेणचट. प्रत्येक बटण बोटाला चिकटून सुटायचं.

फोल्डरच्या परवानग्यांची यादी उघडली. सगळ्यांची नावं उडालेली. एकच नाव उरलं होतं. काकांचं.

'बंद केलं म्हणे! कामचुकार लेकाचा,' साडू पुटपुटला. त्याने लॉगिन तपासलं. खरंच बंद होतं. मग त्याने सगळ्यांची नावं परत घातली. यादी पुन्हा उघडली. नावं गायब.

आत्ता फोल्डर कुणी उघडून बसलंय, ते त्याने पाहिलं. काकाच. कुठल्या कॉम्प्युटरवरून?

याच.

साडूने ते कनेक्शन तोडलं. पुन्हा जोडलं गेलं. तोडलं. पुन्हा.

बटणं कोमट लागायला लागली... मग ओली.

मागून खुर्ची सरकली. हळूच. त्याच्या गुडघ्यांच्या मागे येऊन टेकली.

जणू कुणी म्हणत होतं... बसा.

साडू बसला नाही. वळलाही नाही. ओकारी घशाशी आलेली. ती गिळून तो म्हणाला, "काका... तुमच्या बाबतीत जे झालं ते किळसवाणं झालं. पण सकाळी एका पोरीचं ऑपरेशन आहे. तिचा काय दोष?"

...

सर्व्हरच्या पंख्याची घरघर.

...

मानेवर एक लांब, ओलसर सुस्कारा.

आणि फोल्डर उघडला.

जिना चढून तो वर आला, रिपोर्ट छापून मॅनेजरच्या हातात कोंबला आणि बाहेर गटारापाशी जाऊन भडाभडा ओकला. पैसे घ्यायलाही थांबला नाही. ऑपरेशन वेळेवर झालं. पोरगी आता टुणटुणीत आहे, शाळेत जाते.

साडूने तिथं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने घरचा कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर एक नवा फोल्डर. बिननावाचा, पण मालक म्हणून काकांचं नाव. पुसला की परत येतो. मी स्वतः उघडून पाहिलाय, आत काही म्हणजे काही नाही.

फक्त रोज सकाळी त्याचा आकार थोडा वाढलेला असतो.