चारशे पंच्याण्णव ग्रॅम मैदा

“साहेब, लगेच या. भर गिऱ्हाइकांसमोर मला चोर ठरवलंय.”

फोन बेकरीतल्या मावशींचा होता. बावीस वर्षं भट्टीसमोर काढलेली बाई. शेजारी राहणारा, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक तसाच चपला सरकवून निघाला. जन्मभर त्याने खोटी वजनं पकडली होती. माणसांबद्दल आदर म्हणाल, तर चिमूटभरच उरला होता.

भट्टीमागच्या खोलीत मालक छाती फुगवून उभा होता. शेजारी मालकीणबाई, आणि केकवर क्रीम चढवणारा कारागीर.

“हिने आपल्या केकची कृती समोरच्या बेकरीला विकली!” मालकाने छापील कागद आपटला. “तिथून हाकललेल्या माणसानेच आणून दिलाय. आजच्या आज बाहेर काढतो हिला.”

कागदावर होतं : मैदा ४९५ ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम.

“मावशी, तुमच्या वहीत काय आहे?”

“मैदा तीन कप, साखर दोन. मी काट्याला कधी हात लावला नाही.”

“वही असते कुठे?”

“त्या फळीवर.”

“म्हणजे चौघांच्याही हाताशी. बरं, समोरच्या बेकरीचा केक होतो कसा?”

“वीट हो!” कारागीर खिदळला. “कुत्रंसुद्धा हुंगून सोडेल.”

“मग हिने मुद्दाम चुकीची कृती दिली असेल,” मालकीणबाई फणकारल्या.

“आधी तुमचा काटा तपासू,” निरीक्षक म्हणाला. “प्रत्येकाने हाच कप दोनदा मैद्याने भरायचा. मग साखरेने.”

मावशींनी मैदा चाळला, चमच्याने अलगद सोडला, सुरीच्या पाठीने सपाट केला. १२० ग्रॅम. कारागिराने पिंपात कप बुडवून बोट फिरवलं. १४५. मालकाने एकदा १७५ भरला, एकदा १९०, आणि उरलेला स्वतःच्या बुटांवर सांडला. बेकरीचा मालक म्हणे! मालकीणबाईंनी कप दोनदा टेबलावर आपटला, तळव्याने दाबला, वर आणखी घातला. १६५. दुसऱ्यांदाही १६५.

साखर मात्र सगळ्यांची दोनशेच.

“काटा ठीक आहे,” निरीक्षक म्हणाला. “माणूस खोटा निघाला. साखर कितीही दाबा, दबत नाही. मैदा दबतो, म्हणून त्याचा कप ज्याच्या-त्याच्या हाताचा. मावशींचे तीन कप म्हणजे ३६०. कागदावर ४९५. भागा तीनने.”

हिशोब करणारी मालकाची बोटं हवेतच अडकली. “एकशे... पासष्ट?”

“वहीतले कप कुणीतरी भरून, तोलून ग्रॅममध्ये उतरवले. दाबून, आपटून. बाजारात फुकटचं मूठभर जास्त घ्यायची सवय असलेल्या हाताने. बाई, केक विटेसारखा झाला तो तुमच्या हावरटपणाने.”

मालकीणबाईंचा चेहरा पिठाहून पांढरा झाला. मग त्या कडाडल्या, “दुकान आमचं, आणि जो तो म्हणतो मावशींचा केक! मालकीण मी आहे की ही?”

“म्हणून तिला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापलंत? वा! आणि मालक, तुम्ही भागाकार न करता माणूस हाकलता?”

मालक मान खाली घालून पुटपुटला, “मावशी, झालं गेलं विसरा. कामाला लागा.”

मावशींनी हात धुतले, पुसले, आणि दुकानाचा मधला दरवाजा सताड उघडला. पलीकडे गिऱ्हाइकांची रांग होती.

“चोर कोण नाही, ते त्यांना सांगा.”

मालक काहीतरी घशातल्या घशात बोलला.

“मोठ्याने,” मावशी म्हणाल्या.